आये, उठू नको

आमच्या घरात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य 'पडशील' हे होतं. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर सपाट जागा म्हणजे घराचं अंगण आणि शाळेचा ओटा, बाकी सगळा उतार. आई आम्हाला म्हणायची, बकरीला म्हणायची, वीटभट्टीवरून सहा-सात महिन्यांनी घरी आलेला बा पिशवी खांद्यावर टाकून पायवाट चढताना दिसला की आधी त्यालाही हेच म्हणायची, मग कसा आहेस ते विचारायची. त्यात नुसती काळजी नव्हती. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की पाणी खाली दरीतल्या झिऱ्यावरून आणावं लागे. झिरा म्हणजे खडकाच्या बेचक्यातला खड्डा, त्यात पाझरून येईल तेवढं पाणी करवंटीने खरवडून हंड्यात भरायचं. एक हंडा भरेपर्यंत बायकांच्या सासरच्या सगळ्या गोष्टी सांगून व्हायच्या. असा भरलेला हंडा, वर कळशी, डोक्यावर लुगड्याच्या चिंधीची चुंबळ, आणि मग वर चढायचं. तिथे पाय घसरला तर गुडघा फुटण्याचं कुणाला काही वाटत नसे. पाणी सांडलं, की परत खाली जावं लागे.

आमच्या हंड्याला पोचे आलेले होते. आई ते पोचे ओळखीच्या माणसांसारखे दाखवायची. हा सासूबाई होत्या तेव्हाचा, हा तुझ्या वेळचा. 'तुझ्या वेळचा' म्हणजे मी तिच्या पोटात असतानाचा. तो सगळ्यात खोल होता. त्या पोच्याशी पाणी पोचलं की हंड्याचा आवाज बदलायचा, घुमणारा आवाज एकदम बसका व्हायचा. अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकून मला कळायचं की आई हंड्यातलं पाणी माठात ओततेय आणि आता अर्धं राहिलंय. एवढी वर्षं झाली, कुठल्याही गावी, कुठल्याही हॉटेलात बादली भरताना मी अजून त्या आवाजाची वाट बघतो.

अशा घरातून मी निघालो आणि अशा शाळेत जाऊन पोचलो, जिथे पहिला धडाच पडायचा होता.

रेवती मॅडम पुण्याच्या. मी मोखाड्याच्या आश्रमशाळेत होतो तेव्हा त्या दर शनिवारी यायच्या आणि व्हरांड्यात आमच्याकडून हालचाली करून घ्यायच्या. आम्हाला ती पी.टी. वाटायची, फक्त शिट्टी नसलेली. 'श्वास सोडा' म्हणायच्या. आम्ही एवढा वेळ तो धरून ठेवलाय हेच आम्हाला माहीत नव्हतं. नाच आम्हाला येत होता. भात घरात आला की तारपा वाजायचा आणि सगळा पाडा एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळीत फिरायचा, पोरंटोरं, म्हाताऱ्या, कालच भांडलेल्या जावासुद्धा. पण एकट्याने उभं राहून, कुणी बघत असताना नाचायचं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तारप्याला बघणारा नसतो. जो येतो तो साखळीत शिरतो. मॅडमनी पहिल्यांदा मला पुढे बोलावून 'तू एकटा कर' म्हटलं, तेव्हा मी शेजारच्याच्या कमरेचा हात काढलाच नाही. तो बिचारा माझ्याबरोबर पुढे आला.

पुढे मी जव्हारला कॉलेजात गेलो, वसतिगृहात राहायला लागलो, आणि त्याच सुमारास मॅडमनी शनिवारचं येणं सोडून जव्हारमध्ये मुक्काम टाकला. एका संस्थेने त्यांना भाताचं जुनं गोदाम वापरायला दिलं होतं. आमच्या विद्यालयाची सुरुवात ती. आज शिरपामाळच्या रस्त्याला आमची इमारत आहे, दोन मोठे हॉल, मुलामुलींची वेगळी वसतिगृहं, केरळपासून मणिपूरपर्यंतची मुलं दोन-दोन वर्षं राहून शिकतात. शिरपामाळ बघायला आलेले पर्यटक फाटकाशी गाडी थांबवून विचारतात, 'इथे काय बघण्यासारखं आहे?' आमचा वॉचमन सांगतो, 'माणसं पडतात ती बघायला मिळतील.' त्याचं काही चुकत नाही. पहिल्या वर्षाला पडणं मीच शिकवतो.

पण गोदामाबद्दल सांगायचं होतं. तिथे आत पाऊल टाकलं की जुन्या भाताचा, पोत्याचा आणि उंदरांचा वास यायचा. खाली दगडी फरशी होती. मॅडम म्हणाल्या, हिच्यावर नाचलं तर तुमचे गुडघे तिशीतच जातील, जमिनीने थोडं दबलं पाहिजे. शहरात अशी जमीन करून देणारे कारागीर असतात. आमच्याकडे राईस मिल होती. मिलमधून आम्ही तुसाची पोती आणली, ती एकाला एक लावून अंथरली, वर बांबूच्या कामट्यांची चटई, वर जुन्या मोडलेल्या बाकांच्या फळ्या, आणि त्यावर मॅडमनी पुण्याहून आणलेलं जाड काळं आवरण. काम सगळ्यांनी मिळून केलं. पोशेऱ्याची संगीता, मॅडमच्या शनिवारच्या वर्गातली, माझ्यापेक्षा दोनएक वर्षांनी लहान, ती पोती शिवत होती आणि सारखी म्हणत होती, 'किसनदादा, उंदरांना सांगून ठेव, वर फळी आहे म्हणून.' ती जमीन चालताना अगदी बारीक करकरायची. त्या जमिनीवर कुणी उडी मारली की आतलं तूस श्वास सोडल्यासारखं खाली बसायचं. पुढे आम्ही खऱ्या लाकडी, स्प्रिंगच्या जमिनी केल्या, परदेशी पाहुण्यांनी त्यांची तारीफ केली, पण तुसासारखी जमीन मला परत मिळाली नाही.

मॅडम पडायला शिकवायच्या म्हणजे नुसतं कोसळायला नाही. उभ्या माणसाने शरीराचं वजन सोडून द्यायचं, कुठेही आडकाठी न करता जमिनीला द्यायचं, आणि जमिनीने ते परत दिलं की त्याच वजनावर उठायचं. पुण्या-मुंबईहून शिबिराला आलेली मुलं पिकल्या फणसासारखी धपाधप पडायची. आम्हाला जमत नव्हतं. संगीता पडायला गेली की भातलावणीला वाकल्यासारखी वाकायची आणि दोन्ही हात आधी रोवायची. माझी मान ताठ राहायची. सगळं शरीर खाली गेलं तरी मान वर, जणू डोक्यावर हंडा आहे. मॅडम माझ्या मानेला हात लावून विचारायच्या, 'हे काय धरून ठेवलंयस तू?'

शनिवारी घरी गेलो की अंगावरचे काळेनिळे डाग आईला दिसायचे. एकदा तिने विचारलंच.

'मारतात काय र तठं?'

'नाय, आये. पडायला शिकवतात.'

ती चुलीशी नागलीची भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. 'पडायला?'

बा दाराशी बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, 'यष्टीचं तिकीट काढून पडायला जातो तुझा पोऱ्या. आपल्या पाड्याला दारू पिऊन लोक फुकट पडतात.'

आई हसली नाही. तव्यावर भाकरी टाकून म्हणाली, 'शिकवायचंच तर न पडायला शिकवावं.' मग मला खुरासणीची चटणी जास्त वाढली, डागांवर उतारा असल्यासारखी. बाच्या मनात मी पोलिसात जावं किंवा मास्तर व्हावं असं होतं. आमच्या नात्यातले दोघे मास्तर झाले होते, त्यांच्या घरांना पत्रा जाऊन स्लॅब आला होता. तरी त्याने मला जाऊ नको असं कधी म्हटलं नाही. फक्त कुणी विचारलं की पोरगा काय करतो, तर सांगायचा, 'कालेज करतो', आणि पुढे विषय पावसाकडे न्यायचा.

माझी बायको म्हणते, तू उन्हाळा कडक झाला तरी माफी मागशील असा माणूस आहेस. खरं आहे. माझ्या मनात ते कधी रुजलं, ते मला नेमकं माहीत आहे. गोदामाच्या मागे नळ होता. सराव संपला की सगळेजण आंघोळ करायचे, घामाने अंग चिकट व्हायचं. सरावाच्या आधी आणि नंतर जमीन ओल्या फडक्याने पुसायची, तशी शिस्तच होती, पायाला कचकच लागली तर पाय मुरगळतात. पाण्याच्या बादल्या आणायचं काम पाळीने असायचं. माझी पाळी आली की मला त्या बादल्या जड व्हायच्या. जमिनीवर ओततोय ते पाणी मला आईच्या डोक्यावर दिसायचं. आमच्या घरात चूळ भरलेलं पाणीसुद्धा मिरचीच्या रोपाला जात होतं, आणि इथे मी नाचायच्या जमिनीला आंघोळ घालत होतो.

उन्हाळा अर्धा सरला असेल, तेव्हाची गोष्ट. मी शनिवारी घरी गेलो. आई जेवायला वाढत होती, पण डाव्या हाताने. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, कडा फाटलेल्या. माझ्या आईच्या भाकरीची कड कधी फाटलेली मी पाहिली नव्हती. उजवा हात तिने पदराखाली धरला होता.

'हाताला काय झालं?'

'काय नाय. गांधीलमाशी चावली.'

त्या वर्षी भट्टीवरून लवकर परतलेला बा जेवता जेवता म्हणाला, 'पडली ती. झिऱ्यावरून येताना. हंडा नाय पडू दिला, हात पडू दिला.'

'तुम्ही गप जेवा,' आई म्हणाली.

मनगट वाकडं बसलं होतं. गावातल्या हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या आणि पाला बांधून दिला होता. मी म्हटलं जव्हारला सरकारी दवाखान्यात चल, तर म्हणाली आता बसलंय, परत कशाला मोडायचं. किती दिवस झाले म्हणून विचारलं, तर तिने आधी झिऱ्यावर किती पाणी उरलंय ते सांगितलं. शेवटी कळलं ते असं, की ती ज्या आठवड्यात पडली त्याच आठवड्यात आम्ही गोदामात रोज सकाळी त्या मऊ जमिनीवर पडायचा सराव करत होतो. मला कुणी कळवलं नाही, कारण माझी परीक्षा आहे असं आईला वाटत होतं. तसं मीच तिला सांगितलेलं होतं. 'परीक्षा' हा शब्द तिला कळेल म्हणून वापरला होता.

परीक्षा खरी होती, फक्त कॉलेजची नव्हती. मॅडमना शिबिरं पुरे झाली होती, त्यांना दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम काढायचा होता, नाचावर पोट भरू शकतील असे नर्तक तयार करणारा. बंगळूरहून एक नावाजलेले गुरू येऊन पहिल्या तुकडीची मुलं निवडणार होते. पुण्यातले लोक मॅडमना सांगत होते, एवढं करायचं तर शहरात कर, त्या डोंगरात कोण येणार. मॅडमचं उत्तर एकच होतं, की इथली मुलं आहेत म्हणून मी इथे आहे. पण इथल्या मुलांतलं एकही निवडलं गेलं नाही, तर त्या उत्तराला अर्थ राहणार नव्हता. गोदाम परत जाणार आणि मॅडम पुण्याला. त्यांनी हे आमच्यापासून लपवलं नाही. इथली म्हणजे संगीता आणि मी, दोघंच टिकलो होतो. आणि आम्हा दोघांनाही पडता येत नव्हतं.

आईचा हात पाहून आल्यावर तर माझं होतं नव्हतं तेही गेलं. गुडघे वाकवले की मनगट दिसायचं. मी सरावानंतर आंघोळ करणं सोडून दिलं. चार-पाच दिवसांनी संगीता म्हणाली, 'किसनदादा, तू माझ्या पुढच्या रांगेत नको उभा राहू. वारा माझ्याकडं येतो.' मॅडमनी मला बाजूला घेतलं. मी सगळं सांगितलं, झिरा, हंडा, हात, बादल्या. त्या म्हणाल्या, 'तू आंघोळ केली नाहीस तर ते पाणी आईपर्यंत पोचणार आहे का?'

'नाही, मॅडम.'

'मग कर.'

त्यांचं बरोबर होतं, आणि मला त्याने काडीचंही बरं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून जमीन पुसायला एकच बादली आली. आजही आमच्याकडे हॉल एका बादलीत पुसतात. नव्या मुलांना वाटतं ही काहीतरी नाचाची परंपरा आहे.

निवडीचा दिवस जव्हारच्या बाजाराचा होता. मी घरी नुसतं सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी आम्ही करून दाखवणार आहोत. आई येईल असं मला वाटलं नव्हतं. पण दुपारी गोदामाच्या दारात जीप थांबली आणि आमच्या पाड्याच्या बायका उतरल्या, आई, शेजारची काशीकाकी आणि आणखी तिघी. सकाळी बाजारात करवंदं विकायला बसल्या होत्या, टोपल्या रिकाम्या झाल्या तशा इकडे आल्या. एक टोपली तेवढी मुद्दाम राखली होती. काशीकाकीने पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं भरून सगळ्यांना वाटली. मॅडमना दिली, संगीताला दिली, बंगळूरच्या गुरूंनाही दिली. ते सडपातळ होते आणि त्यांनी केसांची शेपटी बांधली होती. आईने मला हळूच विचारलं, 'ही बाई का बाप्या?' मी म्हटलं, 'सर आहेत, आये.' ती म्हणाली, 'केस बरे आहेत.' सर खुर्चीवर बसले, मॅडम शेजारी, आणि बायका सरळ पुढे येऊन काळ्या आवरणाच्या कडेला मांडी घालून बसल्या. चपला त्यांनी आपणहून बाहेर काढल्या होत्या.

संगीताचं आधी झालं. तिने या वेळी हात रोवले नाहीत. कसं ते तिलाही माहीत नाही, पण ती पडली आणि उठली. मग माझी पाळी. माझी रचना छोटी होती. कोपऱ्यातून चालत यायचं, मध्ये उभं राहायचं, बराच वेळ नुसतं उभं राहायचं, आणि मग सोडून द्यायचं. मी चालत आलो. समोर आई. उजवा हात मांडीवर, कामट्या गेल्या होत्या पण मनगटाला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, चुंबळीची असते तशीच. ती माझ्याकडे बघून जराशी हसली, लोकांत ओळख दाखवतात तशी. मला एवढंच आठवतं की माझी मान दुखायला लागली. आणि मग ती दुखायची थांबली, कारण मी तिला धरून ठेवणं सोडलं होतं. मी पडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

'वारं आलं!' काशीकाकी ओरडली.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे बोहाड्याला देवादिकांची सोंगं निघतात. लाकडी मुखवटा चढवून माणूस नाचतो आणि नाचता नाचता कधीकधी त्याच्या अंगात वारं येतं. असं झालं की सोंगाला खाली पडू द्यायचं नाही. मागून-पुढून माणसं त्याला धरून ठेवतात, कितीही झटका मारला तरी सोडत नाहीत. लहानपणापासून सगळ्यांना हे पाठ असतं. नाचणारा डोळे मिटून एकदम कोसळला तर त्याचा दुसरा अर्थ आमच्या पाड्याला ठाऊक नव्हता. आवरणाच्या कडेवरून पाचही जणी उठल्या. काशीकाकीने मला पाठीमागून कमरेला विळखा घातला, दोघींनी दंड धरले, आणि आईने काखेत हात घालून मला वर ओढलं. उजवा हात. तोच. मनगटाची चिंधी माझ्या बरगडीला घासत होती. टेपवर संगीत चालूच होतं. कुणीतरी करवंदाच्या टोपलीला पाय लावला आणि करवंदं सगळ्या जमिनीवर गडगडत गेली.

'पाणी आणा,' आई म्हणत होती. 'कुणी पाणी आणा र.'

मला उभं करून त्या पाचही जणी मला धरून राहिल्या. मी 'काही नाही, काही नाही' म्हणत होतो, पण वारं आलेला माणूसही तेच म्हणतो. बंगळूरचे सर पुढे झुकले होते. त्यांनी मॅडमना इंग्रजीत विचारलं, हे बसवलेलं आहे का? मॅडम हो म्हणाल्या असत्या तर कदाचित तिथेच निभावलं असतं, सरांचा चेहरा तसा झाला होता. पण मॅडम म्हणाल्या, 'नाही. ती त्याची आई आहे.' सर म्हणाले, मग मी याचं पडणं पाहिलेलं नाही. जेमतेम सुरुवात पाहिली. त्याला पुन्हा करावं लागेल.

संगीता करवंदं गोळा करत होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'दादा, बायांना बाहेर चहाला नेऊ का?' ते सोपं होतं. मॅडमही माझ्याकडे बघत होत्या. मी नाही म्हटलं. का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. झिऱ्यावरून येताना आई पडली तेव्हा मी तिथे नव्हतो, एवढंच डोक्यात होतं. बायका परत कडेला बसल्या, तसा मी आईसमोर गुडघ्यावर बसलो.

'आये, मला वारं आलं नव्हतं. मी मुद्दाम पडलो. शिकवलेलं तेच आहे.'

ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती, खरंखोटं पारखत. 'हेच पडणं?'

'हेच. मी परत पडणार आहे. तू उठू नको.'

'परत? आताच पडलास ना? त्यानं बघितलं नाय?'

'तू मध्ये आलीस.'

'मंग, येणार नाय?' ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. 'लागंल तुला.'

'नाय लागणार. खाली तूस आहे.'

तिने डावा हात जमिनीवर टेकवला आणि दाबून पाहिलं, खळं नीट सारवलंय का बघतात तसं. तूस दबलं. तिने पुन्हा दाबलं. 'किती वेळ पडून राहशील?'

'थोडा वेळ. मग उठतो.'

'उठशील ना?'

'उठीन, आये.'

आता दरवर्षी निवडीच्या दिवशी पालक येतात, तेव्हा सुरुवातीला मीच उभा राहून त्यांना सांगतो, की मुलं पडतील, ती शिकून पडतात, कृपया कुणी जागेवरून उठू नका. सगळे हसून माना डोलावतात. आणि दरवर्षी कुणीतरी उठतंच. एका वर्षी नाशिकचे एक बँकेतले गृहस्थ, इस्त्रीचे कपडे, मुलगी पडल्याबरोबर बुटांसकट हॉलच्या मध्यापर्यंत गेले होते. आमच्या तरुण शिक्षकांना राग येतो. आत्तापर्यंत मला एकालाही अडवता आलेलं नाही.

मी परत कोपऱ्यात गेलो. मॅडमनी संगीत पहिल्यापासून लावलं. चालत आलो, मध्ये उभा राहिलो. या वेळी मी आईकडे बघितलं नाही, समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघितलं. आणि मानेपासून सुरुवात केली. मान गेली, खांदे गेले, कंबर, गुडघे, आणि जमीन आली. कान फळीला टेकला होता. खाली तूस हळूहळू बसत होतं, भात पाखडताना कोंडा उडतो तसला बारीक आवाज. तिथे एक मोठा श्वास पडून राहायचं होतं. आडव्या नजरेने मला फक्त जमिनीलगतचं दिसत होतं, खुर्चीचे पाय, एक राहून गेलेलं करवंद, आणि बायकांच्या मांड्या. आईची टाच उचलली गेली होती. एक गुडघा मांडीतून निघून उभा झाला होता. पण ती वर येत नव्हती. काशीकाकीचा हात तिच्या कमरेभोवती होता. दुसऱ्या बाजूने दुसरीचा. तारप्याला घालतात तसेच सगळ्यांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले होते, आणि मध्ये माझी आई, चिंधी बांधलेलं मनगट डाव्या मुठीत आवळून धरलेली. त्यांनी तिला धरून ठेवलं होतं. माझ्या रचनेत तो श्वास केवढा होता मला आठवत नाही. मी जितका घेतला त्यापेक्षा लहान असावा.

मग मी उठलो.

सरांनी त्याच संध्याकाळी नावं सांगितली. संगीताचं आणि माझं दोघांचंही होतं. मॅडम बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ तोंड धूत होत्या. अभ्यासक्रम सुरू झाला, गोदाम राहिलं, पुढे गोदामाचं विद्यालय झालं, त्याची हकीकत आमच्या माहितीपत्रकात छापलेली असते. त्यात करवंदं नाहीत.

त्या दिवशी मी बायकांबरोबरच जीपने घरी निघालो. जीप कोंबून भरली होती, मी आणि आई मागच्या बाकावर कडेला. काशीकाकी सगळ्यांना परत परत सांगत होती, 'मी धरली नसती ना, तर ही परत उठली असती. काय जोर लावते, बाई!' सगळ्या हसत होत्या. बऱ्याच वेळाने आई माझ्याकडे न बघता म्हणाली, 'उठायला उशीर केलास.' आणि मग तिला झोप लागली. सकाळी अंधारात उठून करवंदं तोडायला गेलेली बाई, मान माझ्या खांद्यावर कलंडली. पुढे मोखाड्याचा घाट लागला. जीप पहिल्या वळणाला झुकली, तसा तिचा उजवा हात झोपेतच उचलला गेला आणि माझ्या छातीवर आडवा आला, मी पुढे जाऊ नये म्हणून. वळण संपलं, हात खाली गेला. पुढचं वळण आलं, हात परत आला. तिला दुखत असणार. मी तिला उठवलं नाही, हातही बाजूला केला नाही. वर सूर्यमाळपर्यंत वळणंच वळणं आहेत.